नर्मदेच्या फुगवट्यावरचे धुके आणि होडीची दिशा

सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना, बाजार असो वा दवाखाना, होडीचाच आधार उरला आहे. थंडीच्या दिवसांत याच पाण्यावर पहाटे धुके साचते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की सातपुड्याचे उतार रात्रभर उष्णता गमावतात, त्यांना लागून थंड झालेली जड हवा दरीत उतरते, आणि दिवसाची ऊब धरून असलेल्या पाण्यावरून उठणारी वाफ तिच्यात मिसळताच तिचे सूक्ष्म थेंब बनतात. एक घनमीटर धुक्यात सहसा अर्धा ग्रॅमही पाणी नसते. पण ते साधारण १० ते २० मायक्रॉन व्यासाच्या कोट्यवधी थेंबांत विखुरलेले असल्याने समोरचे काही दिसत नाही. हे थेंब सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात, त्यामुळे पिवळा दिवा धुके भेदतो या समजात फारसे तथ्य नाही. समोर रोखलेली बॅटरी तर नावाड्याच्याच डोळ्यांपुढे पांढरा पडदा धरते.

काठ दिसेनासा झाला, की माणूस स्वतःच्या अंदाजावर भिस्त ठेवतो आणि फसतो. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ढगाळ दिवशी जंगलात सरळ चालायला सांगितलेली माणसे नकळत गोल फिरली होती. होडीत त्यात दोन वल्ह्यांच्या असमान जोराची भर पडते. म्हणून पैलतीराची दिशा स्वच्छ दिवशीच होकायंत्राने मोजून ठेवावी, आणि ते वापरताना पायाशी लोखंडी डबा किंवा शेजारी मोबाइल नसावा, कारण दोन्हींमुळे सुई ढळते. सुई पाच अंशांनी चुकली, तर एक किलोमीटरवर होडी सुमारे ८७ मीटर बाजूला लागते. यावर जुनी आणि मला फार आवडणारी युक्ती अशी, की नेम घाटावर न धरता मुद्दाम दोनशे मीटर वरच्या अंगाला धरावा. काठ लागला, की घाट कोणत्या हाताला आहे याची शंकाच राहत नाही.

मोबाइलवरील जीपीएसला धुक्याचा अडथळा होत नाही, पण बुडालेल्या झाडांचे बुंधे त्यात दिसत नाहीत. त्यासाठी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बांबू घेऊन बसलेला माणूसच हवा.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी सहा किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन होड्या एकमेकींना तीस मीटरवर दिसल्या, तर टक्कर टाळायला नऊ सेकंद मिळतात. वेग निम्मा केला, तर अठरा. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धुक्यात चालत्या यांत्रिक जहाजाने जास्तीत जास्त दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा द्यायचा असतो, आणि बारा मीटरपेक्षा लहान होडीने तेवढ्याच अंतराने निदान दुसरा कोणता तरी ठळक आवाज करायचा असतो. अधूनमधून इंजिन बंद करून ऐकणेही तितकेच गरजेचे आहे. मात्र आवाज मोठा म्हणजे होडी जवळ, असे समजू नये. पाण्यालगत थंड आणि वर उबदार हवा असली, की ध्वनी खाली वळतो आणि दूरवर ऐकू येतो. दरीच्या उभ्या कड्याकडून येणारा प्रतिध्वनी अधिक भरवशाचा असतो: हाक मारल्यावर तो एका सेकंदाने परतला, तर कडा सुमारे १७० मीटरवर आहे.

हे धुके बहुधा ऊन चढताच विरते, म्हणून घाटावरचे ओळखीचे झाड दिसेपर्यंत दोर सोडू नये. आजाऱ्याला घेऊन निघणे भागच असेल, तर मधून पार न होता, अंतर वाढले तरी, काठ नजरेत ठेवून बांबूने खोली चाचपत जावे.