घोड्याचं हाड जुळतं, अडतं ते दुसऱ्या पायापाशी

गेल्या लग्नसराईत सोलापुरात अशोक चौकाजवळ वरातीतली एक घोडी घसरली. गुळगुळीत डांबर, त्यावर लोखंडी नाल आणि कानाशी डीजेचा दणका. नवरदेवाला लोकांनी वेळेत उतरवलं. घोडी उठली ती पुढचा डावा पाय अधांतरी धरूनच. जमलेल्यांत लगेच दोन मतं पडली. एक जण म्हणाला, "प्लास्टर करा की, माणसाला करतात तसं." दुसऱ्यानं ठामपणे सांगितलं, "घोड्याचं हाड जुळतच नसतंय." हे दुसरं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ते चूक आहे.

घोड्याचं हाड आपल्यासारखंच जुळतं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग तिथं मऊ सांधा धरतो, त्यात कॅल्शियम साचतं आणि हाड पुन्हा टणक होतं. याला तीन-चार महिने लागतात. ते महिने घोड्यानं काढायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी घोडा कशावर उभा असतो ते पाहू. हाताचा पंजा टेबलावर उभा धरा आणि फक्त मधल्या बोटाचं टोक टेकवा. घोडा चारही पायांवर असाच उभा असतो. त्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरं तर मनगट. त्याखालचं लांब हाड म्हणजे तळहातातलं मधलं हाड, आणि टाप म्हणजे मधल्या बोटाचं नख. मनगटाखाली मांस जवळजवळ नाहीच. हाडं, दोरखंडासारखे स्नायुबंध आणि वर कातडी. म्हणून पाय हलका राहतो आणि घोडा वाऱ्यासारखा पळतो. पण हाड मोडलं की त्याची टोकं सहज कातडीबाहेर येतात, जखमेत जंतू शिरतात आणि रक्तपुरवठा तोकडा असल्यानं जखम भरायला वेळ लागतो. भरधाव असताना मोडलं तर बरेचदा हाडाचा चुराच होतो.

माणूस अशा वेळी खाटेवर पडून राहतो. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा फार वेळ आडवा राहिला, तर त्याच्याच वजनानं खालचे स्नायू आणि फुप्फुस दबतात. शिवाय तो मुळात शिकार होणारा प्राणी. शुद्धीवर येताच उठून पळायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. 1975 साली अमेरिकेतल्या रफियन या शर्यतीच्या घोडीवर शस्त्रक्रिया झाली, पण भुलीतून जागी होताना तिनं एवढी धडपड केली की पाय पुन्हा निकामी झाला.

म्हणजे घोड्याला उभंच ठेवायचं, तीन पायांवर. इथून पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो.

आपल्याला वाटतं, घोड्याचं हाड टापेच्या तळावर टेकलेलं असतं. तसं नाही. टापेतलं शेवटचं हाड टापेच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूला साधारण साडेपाचशे ते सहाशे उभ्या पातळ पापुद्र्यांची रांग असते. हाडावरच्या जिवंत थरालाही तसेच पापुद्रे असतात, आणि दोन्ही रांगा एकमेकींत घट्ट गुंतलेल्या असतात. पुन्हा प्रत्येक पापुद्र्यावर शंभर ते दोनशे बारीक उपपापुद्रे. आपला सोलापुरी टर्किश टॉवेल आठवा. त्याच्यावरच्या फंद्यांमुळे तेवढ्याच कापडाला पाणी शोषायला कितीतरी जास्त जागा मिळते. इथं तीच युक्ती पकडीसाठी आहे. एवढ्याशा टापेत या पकडीचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या आसपास भरतं!

या पकडीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना ग्लुकोज सतत लागतं. ते येतं रक्तातून, आणि इथलं रक्त खेळतं राहतं ते भार पडण्या-उतरण्यानं. पाय टेकला की टापेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, उचलला की नवं रक्त भरतं. नुसता उभा असलेला घोडासुद्धा एका पायावरून दुसऱ्यावर भार बदलत असतो, ते याचसाठी उपयोगी पडतं. एक पाय मोडला की जोडीच्या पायाला ही उसंतच मिळत नाही. दिवसरात्र भार, रक्त अडलेलं, पेशी उपाशी. हळूहळू पापुद्र्यांची पकड सुटते. वरून शरीराचं वजन दाबतं, मागून मोठा स्नायुबंध ओढतो आणि हाड टापेच्या आत फिरतं किंवा खाली धसतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. वेदना इतकी की घोडा पाय टेकवू शकत नाही, आणि आता टेकायला चांगले दोनच पाय उरलेले असतात.

अमेरिकेतल्या बार्बारो या शर्यतीच्या घोड्याचं हेच झालं. 2006 मध्ये केंटकी डर्बी ही तिथली नावाजलेली शर्यत जिंकल्यावर दोनच आठवड्यांनी त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनियात शल्यविशारदांनी धातूची पट्टी आणि 27 स्क्रू घालून तो बांधला. भुलीतून त्याला पाण्याच्या टाकीत, तराफ्यावर तरंगत ठेवून जागं केलं, म्हणजे धडपडला तरी इजा नको. हाड जुळतही आलं. पण जुलैत मागच्या डाव्या टापेला लॅमिनायटिस झाला, पुढे दोन्ही पुढच्या पायांनाही. 29 जानेवारी 2007 ला त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं.

आपल्याकडे शनीची पीडा टळावी म्हणून काळ्या घोड्याची नाल दारावर ठोकतात. त्या लोखंडाच्या तुकड्यानं कुणाचं संकट टळत नाही. त्याच्या नादात, ती नाल ज्या टापेला ठोकलेली होती तिच्यातली ही रचना मात्र आपण पाहातच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि मोडलेल्या पायाला तेल चोळून कामट्या करकचून आवळणाऱ्यांपासून घोड्याला लांबच ठेवा. आधीच तोकडं असलेलं रक्त त्यानं पार तुटतं. भरपूर कापूस, उभी चिरलेली पीव्हीसी पाइप, मोडल्याच्या वरचा आणि खालचा सांधा धरून बेताचं बांधणं, एक पाऊलही न चालवणं आणि पशुवैद्याला फोन, एवढंच आपल्या हातात असतं.

अशोक चौकातल्या घोडीचं नशीब बरं. एक्स-रेत हाडाला फक्त चीर निघाली, तुकडे सरकले नव्हते. ती तबेल्यात जाड भुशावर उभी आहे. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मालक रोज सकाळी खाली बसून टापेवर तळहात ठेवतो, गरम लागते का बघायला. ठेवतो तो उजव्या, न दुखावलेल्या टापेवर.