डोलकाठीवरील दिवे

शिडाच्या लहान होडीच्या डोलकाठीवर बसवलेले, रात्री किंवा धुक्यात होडी कुठे आहे आणि कुणीकडे चालली आहे हे इतरांना सांगणारे दिवे. होडीतल्या माणसाला पाणी दिसावे म्हणून टॉर्च असतो. हे दिवे मात्र इतर होड्यांसाठी असतात. खानदेशात शिडाची होडी क्वचितच दिसते. हतनूरच्या जलाशयात, प्रकाशा-सारंगखेड्याकडच्या तापीत किंवा नवापूरकडच्या उकाईच्या फुगवट्यात मासेमारीच्या होड्याच जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच होड्या रात्री एका टॉर्चच्या भरवशावर जाळे टाकतात. तापी २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आली आहे. तेव्हा दिव्यांची भाषा इथल्या नावाड्यालाही यायलाच हवी.

ही भाषा १९७२च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत लिहिलेली आहे. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसणारा. मागे पांढरा, १३५ अंशांचा. २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या होडीला शिडावर चालताना हे तिन्ही एकाच तिरंगी दिव्यात, डोलकाठीच्या टोकाला लावता येतात. इंजिन जोडले की शीड वर असले तरी ती यांत्रिक नौका ठरते. मग तिरंगी दिवा विझवून खाली होडीवर वेगळे बसवलेले बाजूचे व मागचे दिवे लावायचे आणि डोलकाठीवर पुढच्या अंगाला, २२५ अंशांत दिसणारा पांढरा दिवा लावायचा. तिरंगी आणि हा पांढरा एकदमच पेटवणे ही नेहमीची चूक. समोरच्याला त्यातून काहीच धड कळत नाही. नांगर टाकल्यावर चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. ७ मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला हे दिवे लावणे जमत नसेल तर वेळेवर दाखवता येईल असा टॉर्च किंवा कंदील हाताशी हवा.

दिवा बंद पडला की आधी बल्ब बदलला जातो, पण दोष बहुधा तारेत किंवा जोडात असतो. डोलकाठीच्या पायथ्याशी असलेला प्लग पहिला उघडून बघावा. आत हिरवी भुकटी दिसली तर पाणी शिरून तांबे खाल्ले गेले आहे. नवी तार टाकताना डोलकाठीच्या पोकळीतली जुनी उपसून फेकू नये. तिच्याच टोकाला नवी तार आणि सोबत एक नायलॉनची दोरी बांधून ओढावी, म्हणजे पुढच्या वेळी ओढायला दोरी आत राहते. तार डोलकाठीत मोकळी लोंबू दिली तर तिचे वजन वरच्या जोडावर येते आणि होडी डोलली की ती आतल्या धातूवर घासत राहते. म्हणून ती वरच्या टोकाला पकडून ठेवावी आणि नळीतून न्यावी. आपल्याकडे छिद्रे नसलेली १६ मिलिमीटरची ठिबकची नळी कुठेही मिळते, ती याला उत्तम चालते. जोडाला नुसती टेप गुंडाळू नये; लग (तारेच्या टोकावरचा धातूचा जोड) पंच करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून, वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णता दिली की आवळणारी नळी) चढवावी. पाणबुडी मोटारीच्या केबलचा जोड रोज करणाऱ्या कारागिराला हे काम नवे नाही. दिव्यात शिरण्याआधी तारेला खाली झोल ठेवला की पावसाचे पाणी तिथूनच ठिबकते.

तारेची जाडी हिशेबाने घ्यावी. १२ व्होल्टवर २५ वॉटचा जुना बल्ब सुमारे २ अँपिअर घेतो. जाऊन-येऊन २२ मीटर लांबीची, १ चौरस मिलिमीटरची तार असेल तर वाटेतच पाऊण व्होल्ट जातो आणि दिवा मंद पडतो. ३ वॉटच्या एलईडीला तीच तार सहज पुरते, बॅटरीही रात्रभर टिकते. मात्र जुन्या रंगीत काचेमागे पांढरा एलईडी बसवला तर लाल-हिरवा रंग बिघडू शकतो. नौकेसाठी प्रमाणित केलेला पूर्ण दिवाच घ्यावा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ. भुसावळ-जळगावकडचा मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळा प्लॅस्टिकची काच पिवळी करतो, म्हणून होडी काठावर असताना दिव्यावर कापड बांधून ठेवणे बरे.

काम शक्यतो डोलकाठी उतरवूनच करावे. आणि ती पुन्हा उभी करण्याआधी वर बघावे, दोनदा बघावे. तापीकाठी उपसा पंपांच्या डीपीपर्यंत आलेल्या ११ केव्हीच्या तारा जागोजागी आहेत, दीपनगरच्या वीज केंद्राकडून निघालेल्या उच्चदाबाच्या वाहिन्या वेगळ्याच. ॲल्युमिनियमची डोलकाठी अशा तारेला टेकलीच पाहिजे असे नाही. नुसती जवळ गेली तरी वीज उडी मारते आणि डोलकाठी धरलेला माणूस जागीच जातो. ट्रेलरवर उभी डोलकाठी ठेवून होडी ओढत पाण्याकडे नेणे तर कधीच करू नये.

शेवटची तपासणी अंधार पडल्यावर. होडी काठाशी बांधून एकाने नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, नेमक्या समोर, लांब उभे राहावे: तिथून लाल आणि हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत. मग बाजूला चालत जावे. थोड्याच पावलांत एक रंग मावळला नाही, तर दिवा तिरका बसला असावा.