पावसात घातलेला स्लॅब कच्चा राहतो का?

फोंड्यात किंवा डिचोलीत चार-पाच मजली इमारत उभी राहत असली की येणारे-जाणारे हमखास निकाल देतात: ‘पावसाळ्यात स्लॅब घातलाय, सुकणार कधी? कच्चाच राहणार.’ दोन आठवडे स्लॅबखालचे टेकू हलले नाहीत, तर ‘बिल्डरचे पैसे संपले’ हेही ठरून जातं.

मुळात काँक्रीट सुकून घट्ट होतच नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि तिला ओल लागते. म्हणून तर भर मे महिन्यात स्लॅबवर मालाची बोटभर उंच आळी घालून पाणी साठवतात, खांबांना ओलं गोणपाट गुंडाळतात. आयएस ४५६ हे भारतीय मानक साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस ओल राखायला सांगतं. गोव्याचा रिपरिप पाऊस हे काम फुकटात करतो!

खरी भीती पहिल्या काही तासांची. ताज्या काँक्रीटवर जोराची सर आली तर वरचं सिमेंट वाहून जातं. ताडपत्री हाताशी हवीच. भिजलेल्या वाळूतलं पाणी हिशेबात धरलं नाही, तर मिश्रणात पाणी जास्त होतं आणि तेव्हाही ताकद घटते. हे मात्र रस्त्यावरून कुणाला दिसत नाही.

आणि टेकू? स्लॅबच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, सहा मीटरवरच्या तुळईला २१. वरच्या मजल्याचा भार यायचा असेल तर आणखीही ठेवतात.

अशा इमारतीत फ्लॅट घेतला असेल, तर काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या २८ दिवसांनी होणाऱ्या ताकदीच्या चाचणीचा अहवाल मागा.