मिक्सरला घाबरणारा कुत्रा

कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आधीच काही घरांतला कुत्रा पलंगाखाली पोचलेला असतो. ओट्यावर मिक्सरचं भांडं ठेवल्याचा नुसता आवाज आला तरी एखादा उठून गॅलरीत जातो. कुणाला केरसुणी चालत नाही, कुणाला छत्री, कुणाला इस्त्रीचं टेबल उघडतानाची करकर. घरातली माणसं हसतात, व्हिडिओ काढतात, ‘एवढा धिप्पाड झालाय आणि मिक्सरला घाबरतो’ म्हणतात. हसण्यात वाईट हेतू नसतो. पण कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर यात विनोदी काही नाही. आणि या भीतीवरचा उपाय गेली शंभर वर्षं माहीत असूनही बहुतेक घरांत तो नेमका उलटा केला जातो.

आधी त्याला ऐकू काय येतं ते पाहू. माणसाच्या कानाची मजल साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत, तीही तरुणपणी. कुत्र्याची 45,000 हर्ट्झच्या आसपास. म्हणजे आपलं ऐकणं जिथे संपतं त्याच्या वर आणखी एक अख्खं सप्तक त्याच्या मालकीचं आहे. कुकरची वाफ अरुंद छिद्रातून जोराने बाहेर पडते तेव्हा त्या झोतात आपल्याला न ऐकू येणारी उंच कंपनंही भरपूर असतात. कारखान्यात नळ्यांमधली हवेची गळती शोधणारी उपकरणं अशीच कंपनं टिपतात. म्हणजे स्वयंपाकघरात जे चाललंय त्याची पूर्ण आवृत्ती कुत्रा ऐकतो, आपण ऐकतो ती कापलेली.

सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात भीतीदायक, असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2021 मध्ये घरगुती आवाजांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 386 पालकांना प्रश्न विचारले आणि कुत्र्यांचे 62 व्हिडिओ तपासले. व्हॅक्यूम क्लीनरसारख्या सलग, खर्जातल्या आवाजापेक्षा मधूनमधून येणारी उंच पट्टीतली ‘टीं’ कुत्र्यांना जास्त अस्वस्थ करण्याची शक्यता दिसली. धुराच्या अलार्मची बॅटरी उतरली की येते ती. आपल्याकडे तिची जागा इनव्हर्टरने घेतली आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर फोडणी दिली की अलार्मच बोंबलतो, त्यामुळे तिथल्या कुत्र्यांना दोन्ही मिळतं.

त्या अभ्यासातली मला जास्त बोचलेली गोष्ट वेगळी. बऱ्याच पालकांना आपला कुत्रा घाबरलाय हे कळतच नव्हतं, किंवा त्याचा अंदाज फार कमी होता. थरथरणं, शेपूट पायांत घालणं, पळून जाणं हे कुणालाही दिसतं. पण झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना सारखं नाक चाटणं, कान मागे दाबणं, मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं आणि त्यामुळे बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसणं, गारव्यात बसूनही धापा टाकणं, हे सगळं भीतीच्या यादीतलंच आहे. मिक्सर चालू असताना जागच्या जागी थिजून बसलेल्या कुत्र्याला आपण ‘शहाणा झाला हो’ म्हणतो. तो शहाणा झालेला नसतो, पळायला वाट नाही हे त्याला कळलेलं असतं.

तुमचाच कुत्रा भित्रा निघाला असं वाटत असेल तर फिनलंडमधला आकडा बघा. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये 13,700 पाळीव कुत्र्यांची माहिती मांडली. त्यांतले 32 टक्के कुठल्या ना कुठल्या आवाजाला घाबरत होते.

ही भीती येते कुठून? थोडी जन्माने, आणि बरीचशी पहिल्या काही आठवड्यांतून. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेत असतं. या काळात जे भेटलं ते ओळखीचं, नंतर भेटलं ते संशयास्पद. तिथल्याच एका प्रयोगात, जो 1961 मध्ये प्रसिद्ध झाला, काही पिल्लं कुंपणाआड वाढवली आणि चौदा आठवडे त्यांना माणसाचा सहवास मिळू दिला नाही. त्यानंतर ती माणसांशी सहजपणे रुळू शकली नाहीत.

आता रस्त्यावरून उचलून आणलेल्या सहा-आठ महिन्यांच्या देशी कुत्र्याचं बघा. ट्रक, हॉर्न, वरातीतला डीजे यांच्यात तो वाढलेला. बसच्या टायरशेजारी झोपेल. पण गुळगुळीत फरशी, डोक्यावर फिरणारा पंखा, आपोआप घुमणारं वॉशिंग मशीन हे त्याच्या त्या आठवड्यांत कुठेच नव्हतं. ‘रस्त्यावर वाघ आणि घरात ससा’ हे कोडं तिथे सुटतं.

केरसुणीचा मुद्दा जरा वेगळा, कारण इथे आवाज नाही. कुत्रा केरसुणी बघून दबला की आपण लगेच निष्कर्ष काढतो, याला आधी कुणीतरी झोडपलंय. तसं असेलही, पण तेवढ्यावरून म्हणता येत नाही. लांब दांड्याची, जमिनीलगत सरपटत आपल्याच दिशेने येणारी वस्तू ज्याने कधी पाहिली नाही तो मार न खाताही दचकेल. छत्रीचं तर आणखी सोपं आहे. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर एकदम मोठी होत गेली की ती अंगावर येतेय असं मानून मागे सरणं, ही माशांपासून माणसांपर्यंत अनेक प्राण्यांत मुळातच असलेली प्रतिक्रिया. जूनच्या पहिल्या पावसात दारात फट्कन उघडलेली छत्री त्याच वर्गात मोडते.

आणि कधीकधी एकच प्रसंग पुरतो. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण ज्यांच्या नावावर आहे ते रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह. घंटा वाजली की लाळ गाळायला शिकलेल्या कुत्र्यांच्या गोष्टीमुळे ते सगळ्यांना माहीत असतात. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांमध्ये पाणी शिरलं. कुत्रे छताशी नाक लावून पोहत राहिले; माणसं पोचली तेव्हा पिंजऱ्यांची दारं पाण्याखाली होती, म्हणून सुटकेसाठी त्यांना आधी पाण्यात दाबून बाहेर ओढावं लागलं. नंतर काही कुत्र्यांचं महिनोन्‌महिने शिकवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. पुढे पावलोव्हनी अशा एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीकशी धार सोडून पाहिली. तेवढ्यानेही तो सैरभैर झाला. बाहेरून पाहणाऱ्याला दिसणार काय, तर फरशीवरच्या ओघळाला घाबरणारं एक खुळं जनावर.

त्याच वर्षी, 1924 मध्येच, उपायही छापून आला. तो कुत्र्यांसाठी नव्हता. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता. सशाला घाबरायचा; ससाच नव्हे, कापूस, पिसं, फरचा कोट, सगळ्यालाच. जोन्सनी त्याला आवडीचं खायला देऊन बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवला, इतका लांब की मुलगा खाणं थांबवणार नाही. मग हळूहळू जवळ. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊन बसला. जोन्सनी एक इशाराही लिहून ठेवला: निष्काळजीपणे केलंत तर उलटं होईल, सशाची भीती जायच्याऐवजी मूल खाण्यालाच घाबरू लागेल. आजचे कुत्र्यांचे वर्तनतज्ज्ञ जे करतात त्याचा गाभा हाच आहे, आणि घरोघरी जे चुकतं तेही या इशाऱ्यातच आहे.

मिक्सरचंच घेऊ. ‘मिक्सर’ ही आपल्यासाठी एक गोष्ट. कुत्र्यासाठी ती साखळी आहे: कपाट उघडलं, भांड्याचा ठण्ण आवाज, झाकण दाबल्याची खट्ट, मग तो घर्रर्र. ज्याला घर्ररची भीती आहे त्याला लवकरच ठण्णचीही बसते, कारण ठण्ण म्हणजे वर्दी. म्हणून सुरुवात यंत्र चालू करण्यापासून होतच नाही. प्लग काढलेला मिक्सर हॉलच्या एका टोकाला जमिनीवर ठेवायचा. दार उघडं, कुत्रा मोकळा. किती लांब उभं राहायचं ते त्याने ठरवायचं. त्याने मिक्सरकडे पाहिलं की उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. पुन्हा पाहिलं, पुन्हा तुकडा. मिक्सरवर फडकं टाकलं की चिकन बंद. पनीरही चालेल, पण कांदा-लसूण घातलेलं काही नको, ते कुत्र्यांना विषारी असतं. रोजची पोळी इथे उपयोगाची नाही. पगार कामाच्या मानाने असावा.

मग आवाज. फोनवर रेकॉर्ड करून हळू वाजवणं सोयीचं असतं आणि ते जरूर करावं, पण फोनच्या स्पीकरमधून ती वरच्या सप्तकातली कंपनं येत नाहीत. त्यामुळे रेकॉर्डिंगला कान न हलवणारा कुत्रा खऱ्या मिक्सरला पळाला तर नवल वाटून घेऊ नका. पुढची पायरी दोघांनी करायची आहे. एकाने स्वयंपाकघराचं दार लावून सेकंदभर मिक्सर फिरवायचा. दुसऱ्याने आतल्या खोलीत कुत्र्यापाशी बसायचं आणि आवाज आल्याबरोबर चिकन द्यायचं. आवाज आधी, खाऊ नंतर. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आपण प्रेमाने उलटं करतो: आधी पनीर हातात धरून बोलावतो, कुत्रा येतो, आणि मग मिक्सर सुरू होतो. चार-दोन वेळा असं झालं की पनीर दिसताच तो पलंगाखाली जातो. जोन्सनी लिहिलं होतं तेच.

कुत्रा खात नसेल तर तो हट्टी नाही, आवाज अजून फार जवळ आहे किंवा फार लांबतोय. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, अंतर कमी करायचं असेल तर वेळ तेवढीच ठेवा. आवाज ऐकून तो दचकण्याऐवजी तुमच्या हाताकडे वळून बघायला लागला की पुढे सरका. काही कुत्र्यांना आठवडे लागतात, काहींना महिने. आणि या काळात रोजची चटणी तो फिरायला गेला असताना वाटायची. संध्याकाळी दोन मिनिटांचा सराव आणि सकाळी नाकासमोर इडलीचं पीठ, असं केलं तर सकाळच जिंकते.

धरून मिक्सरसमोर बसवणं, ‘बघ, काही करत नाही ते’ म्हणत केरसुणी अंगाला लावणं, हा प्रकार मात्र कुणी कितीही ठामपणे सुचवला तरी करू नका. भीती मोडण्याऐवजी वाढण्याचा धोका मोठा, आणि कुत्रा चावला तर दोष त्याच्यावर येतो. घाबरलेल्याला जवळ घेऊ नये, लाड केले तर भीती वाढते, हा सल्लाही टाकून द्यावा. कुत्रा मुद्दाम घाबरत नाही, त्यामुळे भीतीला बक्षीस मिळून ती पक्की होते हे म्हणणं टिकत नाही. तो जवळ येऊन टेकला तर टेकू द्या. लपला तर लपू द्या, ओढून काढू नका.

एक गोष्ट पशुवैद्याकडेच तपासायची. आयुष्यभर कुकर ऐकत लोळणारा सात-आठ वर्षांचा कुत्रा अचानक घाबरायला लागला तर आधी सांधे आणि पाठ बघून घ्या. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या 2018 मधल्या एका अभ्यासात आवाजाला घाबरणाऱ्या वीस कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या; त्यांतल्या दहांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं आणि त्यांची भीती इतरांपेक्षा बरीच उशिरा, सरासरीने सुमारे चार वर्षांनी, सुरू झालेली होती. आवाजाला दचकलं की अंग आखडतं, दुखऱ्या जागी कळ येते, आणि कळेचं खापर आवाजावर फुटतं. नमुना छोटा आहे, पण तपासून घेण्यात तोटा काहीच नाही. भीती फार तीव्र असेल तर औषधंही आहेत. ती पशुवैद्याने द्यायची, घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळ्या नव्हेत.

गेलेली भीती परतू शकते, हेही आधीच माहीत असलेलं बरं. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते. घर बदललं, मिक्सर बदलला की जुनी वर येते. तेव्हा दोन-तीन पायऱ्या मागे जाऊन तोच सराव करायचा, दुसऱ्यांदा सहसा लवकर उरकतो.

शेवटी, प्रत्येक भीतीवर उपचार केलेच पाहिजेत असं मला वाटत नाही. मिक्सर रोजचा आहे, केरसुणी रोजची आहे, तिथे मेहनत घ्या. इनव्हर्टरची बॅटरी वेळेवर बदला. व्हॅक्यूम क्लीनर आठवड्यातून एकदा लागत असेल तर तेवढा वेळ कुणीतरी कुत्र्याला खाली फिरवून आणा.