मालवणचे सागरी अभयारण्य: हद्दीच्या वादाची पार्श्वभूमी

मालवणच्या किनाऱ्यालगतचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र एप्रिल १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पद्मगड बेट आणि भोवतालच्या खडपांचा, म्हणजे पाण्यातल्या खडकांचा, सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र ठरला, उरलेला त्याचा बफर, म्हणजे भोवतालचा राखीव पट्टा. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आणि आजही मालवणात हा विषय निघाला की आवाज चढतो. त्याचे मूळ १९८७ च्या घोषणेच्या पद्धतीत आहे.

ही घोषणा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली झाली. त्या वेळच्या तरतुदीनुसार राज्य सरकार आधी अभयारण्य जाहीर करी आणि तिथल्या लोकांच्या हक्कांची चौकशी त्यानंतर होई. जंगलात हे कसेबसे चालते, कारण जमिनीला सातबारा असतो, वहिवाटीचा काही ना काही कागद सापडतो. समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्याने कोणता कागद दाखवायचा? मालवणच्या दांडी भागातला मच्छीमार कोणत्या खडपाच्या कोणत्या अंगाला कधी जाळे सोडतो, हे सगळ्या वाडीला ठाऊक असते, पण सरकारी दप्तरात त्याची नोंद कुठेच नसते.

१९९१ मध्ये कायदा बदलला. अभयारण्य करण्याआधी तसा इरादा जाहीर करण्याची पायरी आली. प्रादेशिक समुद्रासाठी तर वेगळे कलमच घातले गेले. हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षण अधिकाऱ्याशी विचारविनिमय करावा आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मालवणच्या मच्छीमारांना जे संरक्षण हवे होते ते कायद्यात आले, पण त्यांच्या समुद्रावर रेघ ओढून चार वर्षे झाल्यावर. त्यांच्या विरोधाला ‘पर्यावरणविरोधी’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यायला हवा. पुढे व्यवस्थापनाचे आराखडे, बैठका, प्रकल्प झाले, तरी पहिल्या घोषणेचा अविश्वास मुरला तो मुरलाच.

जे वाचवायचे होते ते प्रवाळ, म्हणजे खडपांवरची पोवळी, तेही साधे नाहीत. प्रवाळ म्हटले की लक्षद्वीपचे नितळ पाणी डोळ्यांपुढे येते. मालवणचे पाणी तसे नाही. पावसाळ्यात नद्या-ओढ्यांचे गोडे पाणी समुद्रात उतरते, लाटा तळाचा गाळ वर काढतात आणि कित्येक आठवडे खाली उजेड पोचत नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा प्रवाळाला मिळतो. उजेड गेला की हा वाटा घटतो. मग प्रवाळाचे बारीक जीव शुंडक पसरून पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी पकडतात. अंगावर बसलेला गाळ ते चिकट स्राव सोडून झटकतात. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला काही वसाहती चक्क उघड्या पडतात आणि तास-दोन तास उन्हात तग धरतात. हातात दिवा घेऊन पाहिले तर एकाच खडपाच्या कपारीत शेवंड (लॉबस्टर) आणि गोबरा मासा दिसतो, वरच्या अंगाला पावसाळ्यानंतर वाढणारे तपकिरी समुद्रशैवाल प्रवाळाशी जागेसाठी झगडत असते. इतके सोसून टिकलेले हे प्रवाळ चिवट आहेत, पण सोसण्याच्या सीमेवरच जगत आहेत.

त्यांना धक्का कशाचा बसतो, हा खरा प्रश्न. खडपावर जाळे टाकणारा मच्छीमार स्वतःचेच नुकसान करून घेतो, कारण ते अडकून फाटते. तुटलेले जाळे प्रवाळावर गुंतून राहते, हेही नाकारता येत नाही. मात्र उष्णतेपुढे कोणतीही हद्द चालत नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद-दोन अंशांनी वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०१० नंतरच्या दशकात मालवणातही अशा नोंदी झाल्या. त्याच काळात स्नॉर्कलिंग आणि स्कूबाचा धंदा वाढला. खडपावर टाकलेला नांगर आणि प्रवाळावर उभ्या राहिलेल्या पर्यटकाचे पाय वर्षानुवर्षांची वाढ मिनिटात मोडतात. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे संरक्षण वाघाच्या तोडीचे. खडपांजवळ होड्या बांधायला कायमचे बोये (तरंगते पिंप) बसवून नांगर टाकणे थांबवणे अवघड नाही, आणि तेच सर्वांत आधी व्हायला हवे होते.

किनाऱ्यावरचा मोठा संघर्ष तर मासेमारीच्याच दोन तऱ्हांमधला आहे. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीने आणि मासा अडकवणाऱ्या गिलनेट जाळ्यांनी पारंपरिक मासेमारी करणाऱ्यांसाठी १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याने किनाऱ्यालगतचे पाणी राखण्याची सोय केली होती. तरी बांगडा-तारलीचे थवेच्या थवे उचलणारी यांत्रिक बोटींवरची पर्ससीन जाळी येत राहिली. राज्याच्या फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्यांचे परवाने, क्षेत्र आणि हंगाम आवळले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोताने मासे गोळा करून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याने दंड वाढवला. समुद्र राखा, ही मागणी इथे अभयारण्याला विरोध करणाऱ्या वाड्यांतूनच आली होती.

विश्वासाने काय साधते, याचे उदाहरण डिसेंबर २०१८ च्या योजनेत दिसते. जाळ्यात कासव, देवमासा किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. भांडण न होता राज्याच्या किनाऱ्यावर अनेक प्राणी असे परत पाण्यात गेले.

आता लक्ष आंग्रिया बँकेकडे वळले आहे. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर पश्चिमेला असलेले हे बुडीत पठार वरच्या अंगाला साधारण वीस मीटर खोल आहे. किनाऱ्याचा गाळ तिथे पोचत नाही, म्हणून पाणी स्वच्छ आणि प्रवाळांची वाढ मालवणपेक्षा कितीतरी भरघोस. पण १२ सागरी मैलांपलीकडे राज्याचा प्रादेशिक समुद्र नाही, त्यामुळे तिथे मालवणसारखे अभयारण्य जाहीर करता येत नाही. निर्णय केंद्राचा असेल, आणि त्या पठारावर मासेमारीला जाणाऱ्या बोटवाल्यांशी बोलणी घोषणेआधी करायची की नंतर, हे तेव्हाच ठरेल.