आषाढात अडकणारं दार

नाशिकच्या जुन्या पेठेतल्या वाड्याचं सागवानी दार वैशाखात बोटाने ढकललं तरी उघडतं, आषाढात त्यालाच खांदा लावावा लागतो. मग सुताराला बोलावून भर पावसात कड रंधून घेतात. इथेच चुकतं. दिवाळीनंतर लाकूड आटतं, पण तासलेली कड काही परत येत नाही. उन्हाळ्यात फट दिसते आणि कडी कोयंड्यात नीट बसत नाही.

लाकूड म्हणजे लांबट पेशींची जुडी. पेशींच्या भिंतीतले सेल्युलोजचे तंतू बहुतेक उभेच असतात, त्यामुळे पाणी त्यांच्या मधे शिरलं की भिंत आडवी फुगते, लांबीत जवळजवळ बदलत नाही. आडवं फुगणंही सगळीकडे सारखं नसतं. वाढीच्या कड्यांच्या (खोडाच्या कापात दिसणाऱ्या वर्तुळांच्या) दिशेने साग जितका हलतो, त्याच्या साधारण निम्माच गाभ्याकडून सालीकडे हलतो. लाकडातला ओलावा ८ टक्क्यांवरून १४ वर गेला, तर ३०० मिलिमीटर रुंद फळी पहिल्या दिशेने साधारण ३.३ आणि दुसऱ्या दिशेने १.८ मिलिमीटर वाढते. फळीच्या टोकाकडून कड्यांच्या रेषा बघा. त्या रुंदीला समांतर असतील तर फळी जास्त हलणार, उभ्या असतील तर कमी.

आता ९०० मिलिमीटर रुंदीचं नुसत्या फळ्या जोडलेलं दार घ्या. तेवढ्याच ओलाव्याने ते १० मिलिमीटर वाढेल. तेच दार चौकट-पॅनलचं केलं, म्हणजे पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खाचेत बसवलेलं पॅनल, तर रुंदीत हलतात फक्त १००-१०० मिलिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या. आडव्या पट्ट्या लांबीच्या दिशेने बसलेल्या, म्हणून स्थिर. एकूण वाढ सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. किती सुंदर उपाय आहे हा! पॅनल मात्र खाचेत मोकळं राहिलं पाहिजे. खाच १० ते १२ मिलिमीटर खोल, दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर जागा आणि सरसाचा थेंबही नको. पॅनल चिकटवलं की ते उन्हाळ्यात आक्रसताना मधोमध तडकतं.

चौकटीचा सांधा कुसवाचा, म्हणजे एका पट्टीच्या टोकाची कोरलेली जीभ दुसरीच्या भोकात बसते. कुसू पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश. सांध्यातून आरपार जाणाऱ्या खुंटीचं भोक कुसवात खांद्याकडे (कुसवाच्या मुळाशी असलेल्या पायरीकडे) १ ते १.५ मिलिमीटर सरकवून पाडा, म्हणजे खुंटी ठोकताच खांदा आवळून बसतो. याहून जास्त सरकवलं तर खुंटी तुटते किंवा कुसू चिरतो.

लाकूड मुरलंय का, हे हाताने चाचपून कळत नाही. फळीच्या टोकापासून हातभर आतला छोटा तुकडा कापा (टोक आधी वाळतं, ते फसवतं) आणि लगेच वजन करा. मग १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ५६ ग्रॅमचे ५० झाले, तर ओलावा ६ भागिले ५०, म्हणजे १२ टक्के. नाशिकच्या दारासाठी तो पुरे. १८-२० आला तर थांबा.

जुनं दार पावसात अडकत असेल, तर घासणारी जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा आणि रंधा पाऊस ओसरून दार वाळल्यावर, हिवाळ्यात मारा. खुणेपुरताच, दोन मिलिमीटरच्या आत. त्याआधी दार बिजागऱ्यांवरून उतरवून खालची आणि वरची कड तपासा. बहुतेक दारांना तिथे रंगच नसतो, आणि उभ्या पट्ट्यांच्या तोंडांतून पाणी सर्वांत वेगाने आत जातं. त्या कडांना तेलरंगाचे दोन हात द्या.