मामा तलाव: एका तळ्याचे चार मालक

भंडारा-गोंदियाकडे 'मामा तलाव' ऐकलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, कुणाच्या तरी मामाने बांधला असेल. खरं तर मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. त्यांच्या जुन्या तलावांच्या 'माजी मालगुजारी'चं सरकारी कागदावर 'मा. मा.' झालं आणि लोकांनी त्याचा मामा केला. नाव 1951 नंतरचं, तलाव त्याच्या कितीतरी आधीचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून ते सहा हजारांच्या वर आहेत.

इतक्या पावसाच्या मुलखात तलाव कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि मध्येच उघडीप देतो. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाला तर पाऊस सरल्यावर, आश्विनातही पाणी लागतं. तेवढं दोन-तीन वेळा पाणी देण्यासाठी ही तळी आहेत, बारमाही कालव्यासाठी नाहीत.

बांधणारे मुख्यतः कोहळी. धानाबरोबर उसातही हा समाज तरबेज. गोंड राजवटीत स्वखर्चाने तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे. चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, अशा जमिनीला तुकूम म्हणत. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा मोठा जलाशय अठराव्या शतकात कोलू पाटलांनी बांधला, असं मानतात. लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं, भोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी म्हटलं. बांधकामाला या बहिणींनी हात लावला, अशी श्रद्धा आहे. जलाशयाच्या मधोमध मालडोंगरी नावाचं बेट आहे.

रचना साधी, पण नेमकी. दोन उंचवट्यांमध्ये मातीचा बांध, म्हणजे पाळ. पाळीच्या टोकाला, कठीण मुरमाची जागा हेरून, पाळीच्या माथ्यापेक्षा खाली ठेवलेला सांडवा, म्हणजे सलंग. पाणी सोडायला तुडूम: पायऱ्यापायऱ्यांनी भोकं आणि प्रत्येकाला बूच. पाणी उतरेल तसं वरून खाली एकेक भोक उघडायचं. खालचं आधी उघडलं तर सगळ्या पाण्याचा भार तिथेच येतो आणि बूच परत बसवणं अवघड होतं. वरच्या तलावाच्या सलंगेचं पाणी अनेकदा खालच्या तलावात जातं. म्हणून थोडं जास्त पाणी साठावं या हावेने कुणी सलंग मातीने उंचावली, तर पूर पाळीच्या माथ्यावरून वाहतो, माती कापत नेतो आणि एका रात्रीत खालच्या तळ्यांवरही संकट येतं.

1860च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली, तलाव तिच्यातच आले. तो सुवर्णकाळ वगैरे नव्हता. पाळीवर माती पडे ती पुष्कळदा बेगारीने. पण पाणी, गाळ, मासे आणि पाळ यांची जबाबदारी एका ठिकाणी होती. मासे नि शिंगाडा ढिवरांचा, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचा, उन्हाळ्यातला गाळ बंड्यांनी शेतात.

जुन्या मध्य प्रदेशच्या 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. शेतकऱ्यांना निस्तारहक्क, म्हणजे रोजच्या वापराचे हक्क, राहिले, पण तळं वाटलं गेलं. छोटे तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे. मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे. आणि पाळीवरची झुडपं काढायची कुणी, हे कुणालाच ठाऊक नाही. शेतकऱ्याला शेतात पाणी हवं तेव्हा ढिवराला ते तळ्यातून सोडायला नको असतं. हे भांडण पूर्वीही असेल, पण आता ते सोडवायला गावातला माणूस पुरेना.

दुसरा बदल माशांचा. 1957 मध्ये ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन जमलं आणि कतला, रोहू, मृगळ यांचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, देशभर मिळू लागलं. हे मासे वाहत्या पुराचे. साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे दरवर्षी जिरे (अगदी बारीक पिल्लं) किंवा बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत घेणं आलं. सलंग वाहत असताना बीज सोडलं तर निम्मं पाण्याबरोबर जातं, म्हणून आधी तिथे बारीक जाळी लावावी लागते. बीजाची पिशवी तशीच उघडून ओतली तर तापमानाच्या फरकाने बीज मरतं. ती पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घ्यायचं. मरळ, मागूर, दाडक या इथल्या माशांना यातलं काहीच लागत नव्हतं. पण त्यांना उथळ काठ आणि पाणवनस्पती लागतात, आणि सोडलेला गवत्या मासा (ग्रास कार्प) नेमक्या त्याच फस्त करतो.

उरलेली कसर बेशरमने भरून काढली. शोभेचं किंवा कुंपणाचं म्हणून आलेलं हे झुडूप काठ व्यापतं आणि जनावरंही त्याला तोंड लावत नाहीत. गाळ काढायला आलेल्या यंत्रांचं नुकसान वेगळं: उभ्या कडांचे खड्डे पडले की उथळ काठ जातो, आणि तळाचा चिकण थर फोडला तर पाणीच मुरून जातं. सारस पक्ष्यालाही असाच उथळ काठ लागतो; राज्यात तो गोंदिया आणि शेजारच्या भागातच उरला आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिलांच्या गटांनी काही तलावांत उलटा क्रम धरला आहे. पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायची, मेच्या सुमारास तळ नांगरायचा, पाणी आल्यावर चिला, गाद, परसूड, देवधान या पाणवनस्पतींची लावणी करायची. उपटलेली बेशरम तळ्याबाहेर नेऊन वाळवायची. ओल्या गाळात तिचं एक कांडं राहिलं तरी त्याला मुळं फुटतात, आणि पुढच्या फाल्गुनात तेच काम पुन्हा.